फासे टाकण्याआधी

नवा गट जमला की कुणीतरी विचारतं, "कसला खेळ खेळायचा?" टेबलाभोवतीचे बहुतेक जण एकमेकांकडे बघतात आणि म्हणतात, "मला काय, काहीही चालेल." ऐकायला हे उत्तर गोड आहे. आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको, कुणाला अडवायला नको, हा आपला घरचा संस्कार त्यात आहे. पण टेबलटॉप रोलप्लेइंगच्या खेळात इतकं फसवं उत्तर दुसरं नाही, कारण 'काहीही' कुणालाच चालत नसतं. तिसऱ्या-चौथ्या सेशनला एक जण गप्प गप्प होतो. पुढच्या खेपेला त्याला नेमकं काहीतरी काम निघतं. मग दुसरीला निघतं. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर "पुढच्या आठवड्यात बघू" असं कुणीतरी टाकतं आणि कॅम्पेन, म्हणजे सेशनमागून सेशन चालणारी गोष्ट, तिथेच मरतं. भांडण झालेलं नसतं, म्हणून कशामुळे मेलं तेही कुणाला नीट सांगता येत नाही. खेळ सुरू करण्यापूर्वी एकदा बसून काय बोलायचं आणि कसं बोलायचं, हा या पुस्तिकेचा विषय. जगभरचे खेळाडू या बैठकीला 'सेशन झीरो' म्हणतात. आपणही तेच म्हणू.

ज्यांनी हा खेळ फक्त 'स्ट्रेंजर थिंग्ज'च्या पहिल्या भागात, तळघरात बसलेल्या चार पोरांच्या हातात पाहिला आहे, त्यांच्यासाठी दोन शब्द. चार-पाच जण बसतात. त्यातला एक गेम मास्टर; 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये त्याला डंजन मास्टर, म्हणजे डीएम म्हणतात. तो जग उभं करतो, त्यातली राजे-रजवाड्यांपासून सरायवाल्यापर्यंतची सगळी माणसं बोलतो, राक्षसही तोच. बाकीच्यांचं प्रत्येकी एकेक पात्र असतं. "समोर दरी आहे, पूल कुजलाय, काय करता?" असं डीएम विचारतो, खेळाडू सांगतात, आणि जिथे यशापयशाची शंका असते तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. पट असलाच तर मदतीपुरता. कुणी जिंकत नाही, कुणी हरत नाही. एक गोष्ट चारपाच तोंडांनी पुढे सरकत राहते, कधी एका संध्याकाळपुरती, कधी दोन-तीन वर्षं.

आता अडचण कुठे आहे ते पाहा. बुद्धिबळाला बसलेल्या दोन अनोळखी माणसांना आधी काही बोलावं लागत नाही. घोडा अडीच घरं चालतो हे दोघांनाही माहीत असतं आणि डाव कशासाठी मांडलाय हेही. रोलप्लेइंगच्या नियमपुस्तकात तलवारीचा घाव किती लागतो ते असतं, पण हा खेळ गंभीर आहे की धमाल, पात्रं मरू शकतात की नाही, एकमेकांना दगा द्यायचा की सांभाळून घ्यायचं, यावर पुस्तक फार तर सल्ला देतं. त्याच नियमपुस्तकातून एक गट शोकांतिका काढतो आणि शेजारच्या टेबलावरचा गट गाढवाला सरदार करून रात्रभर हसतो. दोन्ही खेळ खरेच. मात्र एकाच टेबलावर दोघं शोकांतिका खेळत असतील आणि तिघं गाढव, तर पाचही जणांची संध्याकाळ वाया जाते.

गंमत म्हणजे हा घोळ खेळाच्या जन्मापासूनचा आहे. किंबहुना खेळ जन्मला तो त्या घोळातूनच. साठच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनियापोलिस–सेंट पॉल भागात डेव्हिड वेझली हा तरुण नेपोलियनच्या काळातल्या लढाया छोट्या शिशाच्या सैनिकांनी खेळत असे. एकदा त्याने लढाईच्या आधीची परिस्थिती मांडली. ब्राउनस्टाईन नावाचं काल्पनिक जर्मन गाव घेतलं आणि मित्रांना सैन्यांऐवजी गावातली एकेक व्यक्ती वाटून दिली. त्याची अपेक्षा अशी की थोडी पूर्वपीठिका होईल आणि मग रीतसर लढाई लागेल. मित्र मात्र कोपऱ्याकोपऱ्यांत जाऊन कटकारस्थानं करू लागले, नियमांत नसलेल्या गोष्टी मागू लागले, आणि लढाई राहिली बाजूला. वेझलीला वाटलं, सगळा बट्ट्याबोळ झाला. खेळणाऱ्यांनी मात्र विचारलं, पुढचा कधी? त्या मित्रांतलाच एक डेव्ह आर्नेसन. त्याने ही कल्पना जादू आणि तळघरांच्या 'ब्लॅकमूर' या जगात नेली, पुढे विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनीव्हाच्या गॅरी गायगॅक्सशी हातमिळवणी केली, आणि १९७४ साली 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची पेटी बाजारात आली. तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई हजार प्रतींची. मुखपृष्ठावर 'रोलप्लेइंग' हा शब्दसुद्धा नव्हता. वॉरगेमचे नियम म्हणूनच ती विकली गेली.

ब्राउनस्टाईनच्या रात्री निभावलं याचं कारण साधं होतं. ती मंडळी एकमेकांना ओळखत होती, दर आठवड्याला एकत्र खेळत होती. पेटी विकत घेणाऱ्यांचं तसं नव्हतं. ज्यांनी हा खेळ कधी पाहिलेला नाही अशी कॉलेजची पोरं नियम वाचून आपापल्या समजुतीने खेळू लागली आणि प्रत्येक गावात खेळाची वेगळीच जात तयार झाली. १९८० साली 'डिफरंट वर्ल्ड्स' या नियतकालिकात ग्लेन ब्लॅको याने लेख लिहून खेळण्याच्या चार तऱ्हा सांगितल्या. कुणाला पात्राची ताकद वाढवत न्यायची असते, कुणाला डावपेच लढवायचे असतात, कुणाला पात्राच्या कातडीत शिरायचं असतं आणि कुणाला गोष्ट हवी असते. पंचेचाळीस वर्षं होऊन गेली, त्यानंतर कितीतरी वर्गवाऱ्या आल्या, पण मला ब्लॅकोचीच पुरेशी वाटते. नव्या गटात फक्त एवढं विचारावं की या चारांतलं तुझं पहिलं कोणतं आणि शेवटचं कोणतं. शेवटचं जास्त कामाचं. आवडतं काय ते सगळे सांगतात. कशाचा कंटाळा येतो ते विचारल्याशिवाय कुणी बोलत नाही.

अपेक्षा किती टोकाच्या असू शकतात ते मरणाच्या प्रश्नावरून कळतं. सत्तरच्या दशकातल्या नियमांनी पहिल्या पातळीचा जादूगार तयार केला आणि फासा वाईट पडला, तर त्याच्याजवळ एकच हिट पॉईंट, म्हणजे जिवाचा एकच गुण, असे. मांजरीने ओरबाडलं तरी खलास. गायगॅक्सने १९७५ च्या ओरिजिन्स संमेलनातल्या स्पर्धेसाठी 'टूम ऑफ हॉरर्स' हे थडगं रचलं. त्यात भिंतीवर एका हिरव्या सैतानाचा चेहरा आहे, तोंड उघडं, आत काळोख. त्या तोंडात जो शिरेल तो संपला. बचावासाठी फासा टाकायची संधीही नाही. त्या पिढीला यात अन्याय दिसत नव्हता. पात्र मेलं की नवं कोरं कागदावर उतरवायचं आणि पुढच्या दाराआडून आत यायचं, हाच खेळ. आज २०१४ च्या पाचव्या आवृत्तीवर वाढलेला खेळाडू पात्राची आठ पानी पूर्वकथा लिहून आणतो, चित्रकाराला पैसे देऊन त्याचं चित्र काढून घेतो, आणि नियमही त्याच्या बाजूचे आहेत: पात्र कोसळलं तरी फासे टाकत तीनदा अपयश येईपर्यंत ते मरत नाही. जुन्या वळणाचा डीएम आणि असा खेळाडू समोरासमोर आले, की पहिल्याच खड्ड्यात आठ पानं बुडतात आणि डीएमला कळतच नाही की समोरच्याच्या डोळ्यांत पाणी का आलं. चूक दोघांचीही नाही. 'या खेळात मरण किती स्वस्त आहे?' हा एक प्रश्न विचारायचा राहून गेला, एवढंच.

दुसरं टोक 'पॅरानोइया'चं. १९८४ साली आलेल्या या खेळात एक वेडसर संगणक जमिनीखालच्या शहरावर राज्य करतो, प्रत्येक पात्र छुपा गद्दार असतं, आणि प्रत्येकाला सहा क्लोन मिळतात, कारण साथीदार तुम्हाला गोळ्या घालणार हे गृहीतच धरलेलं आहे. तिथे दगा न देणारा खेळाडू खेळ बिघडवतो. हाच खेळाडू पुढच्या महिन्यात दुसऱ्या गटात गेला, तिथेही झोपलेल्या साथीदाराची थैली मारली आणि वर "माझं पात्र चोरच आहे, तो असंच वागणार" म्हणाला, तर तिथे मैत्री तुटते. हे वाक्य तुम्ही ऐकलं नसेल तर लवकरच ऐकाल. त्यावर उत्तर असं की पात्र कसं असावं हे तूच ठरवलंस. चोर कर, पण आमच्याबरोबर चालायचं कारण असलेला चोर कर. मात्र हे सांगायची वेळ पात्र बनवताना असते, थैली गेल्यावर नाही. म्हणून घरून तयार पात्र आणायला सांगण्यापेक्षा पहिल्या बैठकीत सगळ्यांनी मिळून पात्रं बनवलेली बरी. दोघं सख्खी भावंडं निघतात, तिसरा त्यांच्या वडलांचा ऋणको निघतो, आणि 'तुम्ही सगळे एका सरायखान्यात भेटता' या घासून गुळगुळीत झालेल्या सुरुवातीची गरज उरत नाही.

आतापर्यंतचं सगळं आवडीनिवडीचं झालं. पुढचा भाग नाजूक आहे आणि तो हवेत बोलण्यापेक्षा एक खरं पुस्तक समोर ठेवून बोलू. 'कर्स ऑफ स्ट्राड' ही 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'ची २०१६ ची मोहीम नव्या डीएम मंडळींची लाडकी आहे. तिचं मूळ ट्रेसी आणि लॉरा हिकमन या जोडप्याने १९८३ साली लिहिलेल्या 'रेव्हनलॉफ्ट'मध्ये. बारोव्हिया नावाची धुक्याने कोंडलेली दरी, तिथून बाहेर वाट नाही, आणि वर किल्ल्यात स्ट्राड फॉन झारोविच हा रक्तपिपासू सरदार. पाठीवर एवढं वाचून गट म्हणतो, वा, भुताखेतांचं आहे, मजा येईल. आत काय आहे? एका पवनचक्कीत चेटकिणी राहतात, लहान मुलांना दळून त्यांच्या वड्या करतात आणि त्या वड्यांच्या नशेपायी आईबाप पोटची मुलं देऊन टाकतात. सुरुवातीच्या घरात माळ्यावर कोंडून उपाशी मेलेली दोन भावंडं आहेत. स्ट्राड एका मुलीच्या मागे लागलाय, ती नको म्हणत असताना, जन्मोजन्मी. टेबलावर कुणाचं मूल नुकतंच गेलेलं असू शकतं. कुणाच्या मागे खरोखरच कुणी लागलेलं असू शकतं. हे आपल्याला माहीत नसतं, आणि माहीत असण्याचा आपल्याला हक्कही नाही.

मग रहस्य न फोडता सांगायचं कसं? सांगता येतं. "या मोहिमेत मुलांवर अत्याचार आहेत, नशा आहे, एका स्त्रीचा पाठलाग आहे, आणि सुटकेची वाट नसल्याची भावना बराच काळ राहते. यातलं काय नको, काय आडून चालेल?" एवढं सांगितल्याने पवनचक्कीचं रहस्य फुटत नाही. चेटकिणींना मुलांऐवजी म्हाताऱ्यांच्या आठवणी दळायला लावा. पवनचक्की तितकीच भयाण राहते, कदाचित जास्तच. प्रकाशकांनाही हे उशिरा का होईना पटलं. २०२० च्या 'टाशाज कॉल्ड्रन ऑफ एव्हरीथिंग'मध्ये सेशन झीरोवर स्वतंत्र मजकूर आला, आणि पुढच्या वर्षी रेव्हनलॉफ्टवरच्याच नव्या पुस्तकात भयकथा खेळवण्याआधी खेळाडूंशी काय बोलावं हेही आलं.

'काय नको' आणि 'काय आडून' हा फरक रॉन एडवर्ड्स याने २००३ साली आपल्या 'सॉर्सरर' या खेळाच्या एका पुरवणीत मांडला. त्याने दोन गोष्टी वेगळ्या केल्या: रेषा आणि पडदा. रेषेपलीकडची गोष्ट आपल्या कथेत घडतच नाही. पडद्याआडची घडते, पण दाखवली जात नाही. पडदा म्हणजे काय हे मराठी वाचकाला शिकवावं लागत नाही. जुन्या सिनेमात दोन फुलं एकमेकांना टेकत आणि पुढचं दृश्य सकाळचं असे; सगळ्या थिएटरला सगळं कळलेलं असे. छळाचा प्रसंग असाच उरकता येतो: कोठडीचं दार लागलं, सकाळी कैद्याने नाव सांगितलेलं होतं, पुढे चला.

पण बैठकीत सगळंच सुचत नाही. चौथ्या महिन्यात अचानक एखादं वर्णन टोचतं. त्यासाठी जॉन स्टाव्ह्रोपोलसने एक साधी युक्ती काढली, एक्स-कार्ड. कोऱ्या कार्डावर फुली काढायची, ते टेबलाच्या मधोमध ठेवायचं. ज्याला आता चाललेलं नको वाटेल त्याने त्याला बोट लावायचं. डीएम तो भाग वगळून पुढे जातो. का, कशासाठी, हे विचारायचं नाही. या युक्तीची थट्टा करणारे पुष्कळ भेटतात. त्यांना माझं म्हणणं इतकंच, की बहुतेक टेबलांवर ते कार्ड महिनोन्महिने कुणी शिवत नाही आणि तरी ते असतं म्हणून डीएम अधिक मोकळेपणाने भीती दाखवू शकतो.

'कर्स ऑफ स्ट्राड'मधली आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या टेबलासाठी मुद्दाम सांगतो. बारोव्हियात गाड्यांमधून फिरणारे 'विस्टानी' लोक आहेत: भविष्य सांगणारे, दारूत बुडालेले, पुष्कळदा स्ट्राडचे हेर. हे युरोपातल्या रोमा लोकांचं जुनं, कुत्सित व्यंगचित्र आहे अशी टीका झाली आणि २०२० साली प्रकाशकांनी हा मजकूर सुधारून नवी आवृत्ती काढली. रोमांचे पूर्वज हजारेक वर्षांपूर्वी भारतातून गेले. आणि भटक्यांना जन्मजात चोर ठरवण्याचा उद्योग काही युरोपचाच नाही. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तोच शिक्का इथल्या जमातींवर मारला. तो कायदा १९५२ साली रद्द झाला, शिक्का अजून पुसला गेलेला नाही. पुण्यातल्या एखाद्या टेबलावर पारधी किंवा कैकाडी घरातला मुलगा बसलेला असताना डीएमने हसत हसत "फिरस्ते आहेत, थैल्या सांभाळा" म्हटलं, तर त्याने काय करावं? हसावं? खेळातले एल्फ आणि ऑर्क आपल्यापासून फार लांबचे आहेत असं आपल्याला वाटतं, पण 'जातच तशी' हे वाक्य ऑर्कबद्दल उच्चारलं तरी ऐकणारा ते कुठे ऐकत आला आहे हे आपण विसरतो. देवादिकांचंही तसंच. मंदिर लुटायचा प्रसंग, एखाद्या देवाचं हसं: एकाला यात गैर वाटत नाही, दुसऱ्याच्या घरी रोज दिवा लागतो. माझं मत असं, की जात आणि देव हे दोन विषय कुणी काढले नाहीत तरी डीएमने पहिल्या बैठकीत स्वतःहून काढावेत. त्यावर बंदी घाला असं मी म्हणत नाही. जातीची क्रूरता दाखवणारा उत्तम खेळ होऊ शकतो, पण तो ठरवून व्हावा, चुकून नाही.

इथे आपण भिडेपाशी येतो. पाश्चात्त्य पुस्तकांत सेशन झीरोचे सल्ले भरपूर आहेत, पण ती पुस्तकं एक गोष्ट गृहीत धरतात: विचारलं की माणूस सांगतो. आपल्याकडे डीएम बहुधा वयाने मोठा असतो, ऑफिसातला सीनियर असतो किंवा कुणाचा तरी दादा असतो. घर त्याचं, पुस्तकं त्याची, पोहे त्याच्या आईने केलेले. "कुणाला काही अडचण आहे का रे?" असं त्याने विचारल्यावर कोण हात वर करणार? भीड भिकेची बहीण म्हणतात ते इथे अक्षरशः खरं होतं. भिडेखातर माणूस स्वतःची हौस दुसऱ्याच्या दारात मागत बसतो. त्यातून गटात एकच मुलगी असेल तर तिच्याकडे सगळे एकदम वळून "तुला काही प्रॉब्लेम नाही ना?" विचारतात. या प्रश्नाला 'नाही' याखेरीज उत्तर नसतं.

म्हणून विचारण्याची रीत बदलावी लागते. सगळ्यात आधी डीएमने स्वतःची नापसंती सांगावी, आणि ती खरी असावी. "मला प्राण्यांना हाल करून मारलेलं नको, कुत्र्याला तर हातच लावायचा नाही" असं दादानेच म्हटलं की बाकीच्यांची जीभ सुटते. दुसरं, हो-नाहीचे प्रश्न टाळून दोन पर्याय समोर ठेवावेत: राजदरबारातली कारस्थानं की जंगलातली शिकार? लढाई सेशनभर की तासभर? 'काहीही' म्हणायला जागाच ठेवू नये. तिसरं, जे तोंडाने निघत नाही ते कागदावर निघतं. शाना जर्मेन आणि शॉन रेनॉल्ड्स यांनी २०१९ साली 'कन्सेंट इन गेमिंग' ही मोफत पुस्तिका लिहिली. तिच्यात विषयांची यादी आहे आणि प्रत्येकापुढे हिरवा, पिवळा किंवा लाल रंग लावायचा. हे कागद डीएमने एकट्याने वाचावेत आणि नावं न घेता एकच एकत्र यादी सगळ्यांना सांगावी. लाल खूण कुणाची हे ओळखायचा खेळ कुणी सुरू केला तर त्याला तिथेच थांबवावं. आमच्याकडे हा उद्योग करणारे हौशी लोक कमी नाहीत.

एवढं झालं की लोकांना वाटतं सेशन झीरो संपलं. माझ्या अनुभवात मात्र राक्षसाने किंवा रक्ताने मोडलेल्या गटांपेक्षा कॅलेंडरने मोडलेले गट कितीतरी जास्त आहेत, आणि तरी यावर कुणी बोलत नाही, कारण ते नीरस आहे. किती वाजता जमायचं? म्हणजे किती वाजता फासे हातात घ्यायचे? 'सातला' म्हणजे एकाच्या लेखी घरून निघण्याची वेळ असते. किती जण आले तर खेळ होईल, आणि न आलेल्याच्या पात्राचं काय? ते मागे राहतं, की डीएम चालवतो, की कुणी दुसरा? फोन कुठे? फासे सगळ्यांसमोर टाकायचे की डीएमने पडद्यामागे? जेवणाचे पैसे कसे वाटायचे, आणि तिखट-शाकाहारी-उपवास यांचं काय? हे शेवटचं किरकोळ वाटत असेल तर तुम्ही चतुर्थीच्या दिवशी चिकन मागवलेला गट पाहिलेला नाही.

परदेशातल्या मित्रांबरोबर व्हिडिओ कॉलवर खेळणाऱ्या मराठी गटांना यात आणखी एक काटा असतो. भारतात घड्याळ वर्षभर एकच. न्यू जर्सीत ते मार्चमध्ये तासभर पुढे आणि नोव्हेंबरमध्ये मागे जातं. उन्हाळ्यात पुण्यात रविवारी सकाळी साडेसातला बसायचं तर तिकडे शनिवार रात्रीचे दहा असतात. नोव्हेंबरनंतर त्याच साडेसातला तिकडे नऊच वाजलेले असतात, छान. पण ज्या गटाने तिकडची वेळ धरून ठेवली त्यांच्या पुण्याच्या खेळाडूंवर हिवाळाभर साडेआठला बसण्याची वेळ येते, आणि तोवर घरी पाहुणे यायला लागलेले असतात. कुणाची वेळ स्थिर राहणार हे एकदा ठरवून टाकावं. भाषेचंही ठरवावं: नियमपुस्तक इंग्रजी, बोलणं मराठी, आणि एखादी बंगळुरूची मैत्रीण टेबलावर असेल तर तिच्यासाठी काय?

या सगळ्याला होणारे आक्षेप मला माहीत आहेत. खेळायला बसलोय की लग्नाची बोलणी करायला, असं एक जण नक्की म्हणतो. त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. एकाच बैठकीत संपणाऱ्या चार तासांच्या वन-शॉटसाठी दोन तासांची बैठक आणि तीन पानी करारनामा हा निव्वळ हौसेचा भाग झाला. तिथे दहा-पंधरा मिनिटं पुष्कळ. मी असे गटही पाहिले आहेत ज्यांचं सेशन झीरो इतकं परिपूर्ण झालं की सेशन वन आलंच नाही. शिवाय पहिल्या दिवशी माणसाला स्वतःलाच ठाऊक नसतं त्याला काय आवडणार आहे. म्हणून तिथे ठरलेलं पाच-सहा सेशननंतर पुन्हा काढून बघावं, बदलावं. दुसरा आक्षेप, की पूर्वी असलं काही नव्हतं आणि तरी आम्ही खेळलो. खेळलात खरे. जे मध्येच सोडून गेले त्यांना मात्र का गेलात हे कुणी विचारलं नाही.

आणि कधी कधी बैठकीच्या शेवटी लक्षात येतं की आपलं जमणारच नाही. तिघांना डावपेच हवेत, दोघांना नाटक, आणि कुणाचाच आग्रह खोटा नाही. अशा वेळी चहा पिऊन, हसून वेगळं व्हावं. तीन महिने ओढून मग तुटण्यापेक्षा हे फार बरं, आणि ही बैठक फसली असं तर मुळीच समजू नये.

पुढच्या पानांवर प्रश्न आहेत, डीएमसाठी वेगळे आणि खेळाडूंसाठी वेगळे. सगळे विचारायचे नाहीत. तुमच्या गटाला लागू पडतील तेवढे उचला, उरलेल्यांवर काट मारा, तुमचे चार लिहा. त्या पानांच्या झेरॉक्स काढायला कुणाची परवानगी नको. फक्त त्या खेळाच्या दिवशी दारात वाटू नका. निदान आठवडाभर आधी द्या, म्हणजे प्रत्येकाला आपलं उत्तर एकट्याने, घरी बसून लिहिता येईल.